टालिनहून न सुटलेलं विमान

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाला पोचले नाही, त्याचं कारण सांगते.

ज्या विमानाने मी आपल्या बेटावर येणार होते, त्याचीच तपासणी निरीक्षक म्हणून माझ्याकडे आली. चाकाच्या दांड्याला बारीक तडा होता.

विमानाचा परदेशी कप्तान म्हणाला, "बाई, आमच्या देशात एवढ्यावर कुणी विमान अडवत नाही."

"आता युरोपभर नियम एकच आहे," म्हणत मी उड्डाण थांबवलं. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचं असल्याने मलाही थांबावं लागलं.

त्याच विमानाने घरी निघालेले आपल्या शेजारचे उर्मासकाका सगळ्यांदेखत ओरडले, "आईच्या वाढदिवसालाही तुझे नियम आडवे आले का गं?"

तुझा गुडघा कसा आहे?

तपासणी दुसऱ्या कुणाकडे असती, तर तड्याचा मला पत्ताही नसता आणि मी निमूट आत जाऊन बसले असते. काका बोटीने परत येताहेत. माझ्या वाटणीचा केक त्यांना दे.

तुझीच,
माइरे