बॉनेटखालचं लिंबू

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी गॅरेजमधून घरी आली. इंजिन बदललं. हैदराबादचं, सेकंडहँड, पण आवाज मऊ. अप्पांनी बॉनेट उघडून आधी कुणाला हाक मारली? वहिनींना. घरात पहिली ग्रॅज्युएट मी. तेही फिजिक्स. लाइट बिलापासून पीकविम्यापर्यंत सगळं मीच वाचून सांगते. सृष्टीवहिनी दिवाळीआधी लग्न होऊन लातूरहून आल्या. गाडी चालवतात, एवढंच. हेवा नाही. फक्त नोंद.

रविवारी लातूरला वहिनींच्या भावाचा साखरपुडा. अप्पा म्हणाले, जिला गाडी समजती तिनं चालवावी, मी शेजारी बसतो. पूर्वी अप्पांच्या शेजारी मी बसायचे. लायसन माझ्याकडेही आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. अजून चुरगळलेलं नाही.

संध्याकाळी
वहिनी म्हणाल्या, काय देखणं इंजिन आहे. असं तोंडावर बोलू नये, दृष्ट लागते. फिजिक्स आपल्या जागी, पण काळजी घेतलेली बरी. लिंबू-मिरची बंपरला बांधली तर धूळ बसते. म्हणून बॉनेटच्या आत, पार खाली, इंजिनपासून बॉडीला जाणारी एक पट्टी आहे, तिच्या नटाला. पान्याने नट ढिला केला, काळा दोरा मध्ये सात वेढे गुंडाळला. दोरा तुटू नये म्हणून नट परत हातानेच बसवला. पाना पुसून जागेवर ठेवला.

४ नोव्हेंबर
गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं ‘कट्’. दिवे मात्र लख्ख. अमरनाथ मिस्त्री हैदराबादला गेलेत, सोमवारी येणार. बिघाडाचं निदान मीच करायचं ठरवलं.

पहिला संशय वहिनी. काल त्यांनी सीट पुढे ओढली होती. सीटमुळे सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बिघडत नाही हे मला माहीत आहे. अप्पांना माहीत नाही. खोटं बोलायचं नाही, म्हणून एवढंच सांगितलं की वहिनींनी सीट ओढली होती. ते खरंच आहे. अप्पा म्हणाले, मग बसायला नीट झालं असंल.

५ नोव्हेंबर
बॅटरी. तीन व्हिडिओ पाहिले, तिन्हींत बॅटरीच होती. वहिनींचं मत, दिवे लख्ख आहेत तर बॅटरी बरी असावी. मत प्रत्येकाला असतं. शेजारच्या पंचाक्षरी काकांच्या गाडीची बॅटरी आणून लावली. कट्. म्हणजे काकांचीही बॅटरी खराब. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ती परत बसवली, गाडी सुरू केली आणि ऑफिसला गेले.

६ नोव्हेंबर
धक्का मारायचं ठरलं. धक्क्याला मी, दादा, काका. स्टिअरिंगवर वहिनी. का, तर त्यांना क्लच सोडायचा अंदाज आहे. गाडी गल्लीच्या टोकाला झटक्यात सुरू झाली. अप्पांनी टाळी वाजवली. कुणासाठी, ते विचारलं नाही. माझ्या ड्रेसला धूर लागला.

बंद केली, पुन्हा चावी. कट्.

दृष्ट फारच कडक आहे. लिंबू बदललं, दोऱ्याचे आणखी सात वेढे दिले.

७ नोव्हेंबर
आता तर ‘कट्’ही नाही. सेल्फ मोटर गेली असं मी जाहीर केलं. अप्पा म्हणाले, “मने, तू रोज नवीन पार्ट मारून राहिलीस. इंजिन तरी जित्तं ठेव.”

आईनं एसटीचं टाइमटेबल विचारलं. मी सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर
वहिनी जम्पर वायर घेऊन आल्या. माहेरी ट्रॅक्टर आहे म्हणे. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनला. मला म्हणाल्या, चावी फिरवा. मी मुद्दाम हळू फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

वहिनी म्हणाल्या, इंजिनला अर्थिंग मिळत नाही, खालची पट्टी नीट टेकत नसावी. मग अप्पा टॉर्च धरून बसले आणि वहिनींनी खाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात पट्टीचा नट, चौदा वेढे दोरा आणि लिंबू.

अप्पांनी लिंबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी आकाशाकडे.

वहिनी म्हणाल्या, “अप्पा, मीच बांधलं होतं. नवीन इंजिन म्हणून.”

असं कुणी करतं का? आता मला त्यांच्यावर रागावताही येत नाही. अप्पा म्हणाले, “बांधलंस तर बांधलंस पोरी, शोधलंस बी तूच.” म्हणजे त्याचंही कौतुक त्यांनाच. लिंबू माझं होतं. निवडूनही मीच आणलं होतं.

झोपण्याआधी बराच विचार करून अप्पांना खरं सांगायचं ठरवलं. उद्या. लातूरहून आल्यावर.

९ नोव्हेंबर, रविवार
नट वहिनींनी पान्याने आवळला होता. निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, अप्पा शेजारी. मागे दादा, आई आणि मध्ये मी.

वाटेतलं लोहा गाव ओलांडल्यावर वहिनींनी गाडी बाजूला घेतली. म्हणाल्या, “मनुताई, आता तुम्ही घ्या. रस्ता सरळ आहे.” अप्पा पुढेच बसून राहिले. माझ्या शेजारी.

गाडी बंद पडली. सुरू केली. पुन्हा बंद पडली. असं बऱ्याचदा. मागे एक एसटी हॉर्न वाजवत राहिली. शेवटी अप्पा दार उघडून उतरले, पाय आखडलेत म्हणाले, आणि मागे आईशेजारी जाऊन बसले. पुढे दादा आला. तो डोळे मिटून होता.

सेल्फ मात्र उत्तम आहे. दर वेळी पहिल्या चावीला लागला. हे वहिनींनी तपासलं नव्हतं.