झाडाला सांगितलेलं

३ मार्च, सोमवार

गवत! डॉक्टरीणबाईंनी लिहून काय दिलं, तर गवत. रोज सकाळी अनवाणी उभं राहायचं, झाडाला टेकून बसायचं, मनातलं मोठ्यानं बोलायचं — ताण उतरतो म्हणे. झोप लागत नाही, एवढंच मी सांगितलं होतं. क्रेनच्या केबिनमध्ये डोळ्यांपुढे अंधारी येते, हे नाही. ते सांगितलं की केबिन गेली. दुसरं काय येतं मला?

४ मार्च

बायको : "झाडाशी बोललात? नाही? मग माझ्याशीही बोलू नका."

५ मार्च

कामाच्या जागेमागे एक जाडजूड झाड आहे. चपला काढल्या. गवत गार, ओलं. इकडेतिकडे बघितलं आणि सांगून टाकलं — अंधारी येते रे. वेडा झालोय मी! पण जरा हलकं वाटलं. झाडापाशी सिगारेटचा वास. त्यालाही ताण असावा बिचाऱ्याला.

८ मार्च

रोज सांगतो. पाखरं ऐकत बसतो. झोप लागते आता. अंधारी मात्र ठाण मांडून आहे. झाड चहाड्या करत नाही, हे बरं.

१० मार्च

थोडक्यात वाचलो. सळयांचा गठ्ठा हवेत आणि पुढे काळोख! दांडा सोडून दिला, डोळे मिटून बसलो. गठ्ठा झुलतोय. खाली मेहुणा — मला इशारे देणारा तोच, बायकोचा धाकटा भाऊ. बाकीच्यांना हाकललं म्हणे त्यानं, स्वतः जागचा हलला नाही. मूर्ख! दिसायला लागलं तेव्हा तो हात वर करून तसाच उभा.

घरी बायको म्हणाली, "सिगारेट सोडली म्हणतो, जरा लक्ष ठेवा त्याच्यावर." ताट सारून उठलो.

११ मार्च

झाडाला सगळं सांगितलं. सळया, काळोख, मेहुणा. रडलो. तेवढ्यात खोडापलीकडून खोकला! मेहुणाच. सिगारेट विझवत उठला.

"दाजी, ताईला सांगू नका हं."

मी त्याचा हात धरला. "किती ऐकलंस?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी रोज हुकाखाली उभा राहतोस?"

"मग काय करू? दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं, तर तुम्हाला अंधारी येते हे त्याला कुठे ठाऊक होतं?"

१२ मार्च

आज शिडी चढलो नाही. गवतावरून तसाच, अनवाणी, साहेबांच्या खोलीत गेलो.