जास्तीच्या मुठींचे रोट

सोनगीर, श्रावण १९९४

तीर्थस्वरूप झुलाल नाना यांस,
धाकट्या भावाचा, कौतिकचा साष्टांग नमस्कार. इकडे माय, लता आणि म्हैस यांची तब्येत ठीक आहे. माझी नाही, कारण कानबाईचे रोट. तुमचा गुडघा कसा आहे? रावेरला केळीच्या ट्रकमागे फिरून तो बरा होणार नाही, हे मी समोर असतो तर सांगितलं असतं. (पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुम्ही वेगळे झालात, तेव्हापासून समोर येण्याचं आपलं बंदच आहे.)

तर झालं असं. आमचा बन्सीलाल धुळ्याला बी.एस्सी. करतो. कानबाईच्या सणाला घरी आला तो नवीनच खूळ घेऊन. म्हणे विश्व एक नाही, अगणित आहेत. जे जे होऊ शकतं ते कुठे ना कुठे आपोआप होतंच, मग देवाला काय काम उरलं? मी विचारलं, बाबा, मी आणि नाना भांडलोच नाही असंही एखादं विश्व असेल का? तो म्हणाला, असणारच. खरं सांगतो नाना, मला त्या तिकडच्या कौतिकचा हेवा वाटला.

माय तेव्हा रोटांसाठी गहू काढत होती. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ, आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. हात थांबवून तिने विचारलं, "तठे बी मना पोऱ्या शेतस ना? मंग त्यासनी मूठ कोन टाकी?" बन्सीलालने नाही म्हणावं तर त्याचंच शास्त्र बुडतं. देवाचं काय, असं त्याने हळूच विचारलं, तर माय म्हणाली, "कानबाई एकच शे, बठ्ठीकडे तीच," आणि मुठी टाकतच राहिली.

दळण आलं ते एवढं, की बघून लता खालीच बसली. रोट कुळाबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पुनवेच्या आत संपवायचा. रविवारपासून आम्ही खातोय. सकाळी रोट, संध्याकाळी रोट, सोबत गंगाफळाची भाजी. देव न मानणारा बन्सीलाल काल देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभा होता. विश्व एकच असू दे, एवढंच मागत असावा.

आपला,
कौतिक

ता. क. तेव्हा पुनवेच्या आत वहिनी आणि पोरांना घेऊन या. कुळातली तोंडं कमी पडताहेत. येताना केळी आणू नका, पोटात जागा नाही. राग मात्र आणला तरी चालेल, विहिरीवर बसून काढू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना मायला विचारलं, तिकडच्या किती जणांच्या मुठी टाकल्यास गं? म्हणाली, तिकडचं तिला काय ठाऊक? "मना झुलाल याच जगमा शे." जास्तीच्या सगळ्या मुठी तुमच्या घरच्या नावाच्या होत्या.