शेर्स्टिनआजीची लय

प्रिय आई,

देवाच्या दयेने मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथे लाकडाच्या कारखान्यात मुकादम झाल्यापासून मी नुसता ओरडायचो. परवा म्हाताऱ्या हालवरकाकांनी बोटाला लागलेलं माझ्यापासून लपवलं. "तू ओरडशील म्हणून," ते म्हणाले.

मला बाबा आठवले. तळ्यातून चर्चला जाताना नावेचं सुकाणू त्यांच्या हाती असायचं, पण सगळ्यांनी वल्हवायचं ते थकलेल्या शेर्स्टिनआजीच्या लयीत.

आज मी न ओरडता काकांशेजारी उभा राहून त्यांच्याच लयीत फळ्या रचल्या.

"मुकादम, घसा बसला की काय?" त्यांनी चिडवलं. सगळे हसले. मग काका हळूच म्हणाले, "करवतीच्या पात्याला तडा गेलाय. आठवडाभर सांगायचं होतं."

मी यंत्र तिथेच थांबवलं. आई, कारखान्यातल्या आम्हा सहाही जणांचे हात शाबूत आहेत.

तुझा,
अर्विद