चंदगडच्या एसटीने येणाऱ्यांसाठी

मी, संयोगिता अमरसिंह इंगवले, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. प्रकृती बरी नाही. वकिलांनी रिवाजाप्रमाणे 'प्रकृती उत्तम असताना' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. कारण कलम दोनमध्ये आहे.

१. शाहूपुरीतील दुमजली घर माझ्या स्वकष्टाचे आहे. वरचा मजला मुलगा राजवीर याला. खालचा मजला विकू नये, भाड्याने देऊ नये. कोविड गेला पण आजार राहिला, अशी चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे मोठ्या दवाखान्यात दाखवायला येतील, त्यांनी तिथे मुक्काम करावा. राजवीर म्हणतो, "आई, धर्मशाळा काढतीस व्हय? फ्लॅट हुतील की इथं!" राजवीर, फ्लॅटला अख्खे गाव मोकळे आहे.

२. बायडाबाई माझी मावसबहीण. चंदगडला काजूच्या कारखान्यात कामाला होती. कोविडनंतर एक घागर उचलली की तिला आडवे व्हावे लागे. सासू म्हणायची, "सोंगं करती." त्याच साथीत मलाही हाच आजार जडला. मला निदान मिळाले, कारण मी डॉक्टरांशी भांडले. भाषणांत माईकविना मैदान हलवलेली बाई मी. तिची एसटी पोहोचेपर्यंत मात्र केसपेपरची खिडकी बंद झालेली असे. अखेर आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन राहिली, तेव्हा नंबर लागला. ठेवणीतली साडी नेसली होती. जिन्याने मला धाप लागली, म्हणून मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. आतून ऐकू आले:

"काय मावशी, कसं हाय?"

"बरं हाय की."

डॉक्टरांनी 'तक्रार नाही' असे लिहून पुढच्याला बोलावले. मी तिला फैलावर घेतले, तर म्हणाली, "आक्का, एवढा मोठा माणूस आपुलकीनं इचारतोय, त्येला बरं न्हाय कसं म्हणायचं?"

आमच्याकडे खाटेवर पडलेला माणूसही 'बरं हाय' म्हणतो आणि वर पाहुण्याला चहा विचारतो. ही रीत जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दवाखान्यालाच तेवढी ठाऊक नाही. श्रीमंताच्या थकव्याला तपासण्या मिळतात, गरीब बाईच्या थकव्याला आळस म्हणतात. श्रावणात बायडा चुलीपुढे बसली, ती उठली नाही. भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा घरच्यांनी पाहिले.

३. बँकेतील ठेव मोडू नये. तिच्या व्याजातून पेठ वडगावच्या फिजिओथेरपिस्ट सोनल जिनेंद्र मगदूम यांनी दर महिन्याला डॉक्टर घेऊन चंदगडला जावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांच्याकडेच. अट एकच: कोणालाही 'कसं हाय?' विचारायचे नाही. 'कुठलं काम सुटलं?' असे विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे.

४. भाषणांबद्दल मिळालेल्या शाली खालच्या मजल्यावर पांघरायला द्याव्यात. पुस्तके तिथेच राहू द्यावीत. या आजारात वाचताना डोके शिणते, मला ठाऊक आहे. अशांना कोणीतरी वाचून दाखवावे.

५. आजारानंतर आवाज पुरेना म्हणून घेतलेला माझा माईक दीर धैर्यशील यांना. भरल्या पंगतीत ते म्हणाले होते, "वैनी, दमबिम काय न्हाय, मनाचा खेळ हाय." त्यांनी चंदगडच्या बाजारात उभे राहून डॉक्टर येण्याची तारीख त्यातून पुकारावी. दुसरे काही बोलू नये.

६. शोकसभा घेऊ नये. अगदीच राहवले नाही, तर बोलणाऱ्याने आधी एका आजाऱ्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहून यावे. मग तो थोडक्यात आवरेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही करताना मध्येच थांबावे लागले, तेव्हा साक्षीदार तात्यासोंनी विचारले, "बाई, बरं हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणाले. वकिलांना तेही लिहून घ्यायला सांगितले.

सही: संयोगिता अमरसिंह इंगवले

साक्षीदार:
१. तात्यासो भूपाल चौगुले, निवृत्त एसटी चालक, कोल्हापूर
२. बाळाबाई गुंडू नाईक, चंदगड (अंगठा)

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५