नितळ पाण्याचा दाखला

३ मार्च
बाटली उलटी केली आणि तळातून तांबूस गाळ उठला. दादाच्या नव्या बोअरची बाटली — चार आठवड्यांपूर्वी तपासलेली, आज प्रयोगशाळेत धुवायला काढलेली. नळ बंद केला.
त्या दिवशी मी हिच्यात आम्ल घातलंच नव्हतं.

४ मार्च
नीट लिहून काढते.
पावसाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसतं. नदीचं महिन्यागणिक बदलतं. दादाच्या जुन्या विहिरीत चुना इतका की साबणाला फेस येत नाही. बोअरचं पाणी मात्र खोल खडकात वर्षानुवर्षं हवेशिवाय पडून असतं. त्यात लोह विरघळलेलं, दिसत नाही. वर येऊन हवा लागली की गंज होऊन तळाशी बसतं. बसताना आर्सेनिकलाही ओढून नेतं — जुनी माणसं ज्याला सोमल म्हणायची, ते विष. म्हणून बाटली भरल्याबरोबर जागेवरच आम्लाचे थेंब टाकायचे. गाळ बसूच द्यायचा नाही. नव्या लोकांना हे मीच घोकून घोकून सांगते!
दादाकडे ही बाटली भरली त्या शनिवारी वहिनी आतून ओरडत होती, "वन्सं, चहा निवतोय! पाणी काय पळून जातंय?" हसले, झाकण लावलं, आत गेले.
सोमवारी गाळ दिसला होता. दिसला होता. यंत्राची नळी तुंबायला नको म्हणून वरचं नितळ पाणी घेतलं. आणि कागदावर 'जागेवर आम्ल घातले' याच्यापुढे खूण केली. सवयीने.
दाखला: पिण्यास योग्य. खाली माझी सही.

५ मार्च
दादाकडे जाऊन दोन बाटल्या भरल्या. एकीत आम्ल, एक तशीच.
"आता परत कशाला?"
नेहमीचंच, म्हटलं. खोटं.
"घरात एवढी शास्त्रज्ञ, आणि आमच्या बादलीला लाल कडा! काय उपयोग गं तुझा?"
"त्यांना काही बोलू नका," वहिनी म्हणाली. "त्यांच्यामुळे सुटले मी त्या विहिरीच्या पाण्यातून. वन्सं, केस बघा कसे मऊ झालेत."
तिने पेला भरून दिला. प्यायले. तुम्ही हे पिऊ नका, एवढं तरी तोंडातून निघायला हवं होतं.

६ मार्च
आम्ल घातलेली बाटली: आर्सेनिक मर्यादेच्या सात पट.
दुसरी, वरचं नितळ पाणी: मर्यादेच्या आत.
साहेबांना सगळं सांगितलं. खूणही. त्यांनी चष्मा काढला. "दाखला रद्द करू. चौकशी होईल, तयारी ठेवा." मग — "घरी सांगितलंत?"
"उद्या सांगते."
"उद्या? मग आज काय पिणार ते?"
फोन हातात घेतला. ठेवला. वहिनीचा नंबर तसाच समोर.

७ मार्च
सकाळी सातला गेले. दारातच सांगून टाकलं. वहिनी म्हणाली, "तुमचा दाखला बघून पंधरा दिवसांपूर्वी गावच्या शाळेने आपल्या घरच्या बोअरचा पाइप त्यांच्या टाकीला जोडून घेतलाय."
शाळा आठला भरते. दादाने चपला घातल्या. आम्ही तिघं निघालो.