तिला म्हणावं, मी सांगणार नाही

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरं तर खुर्चीत बसून आणि एकाच हाताने केलेला, कारण दुसऱ्या हातात पेन आहे. न घातलेला साष्टांग कागदावर घालणं मनाला पटेना, म्हणून आधीच सांगितलं.) तुझा गुडघा कसा आहे? पार्लर बंद केल्यापासून तुझं उभं राहणं कमी झालं असेल, बोलणं कमी झालं नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत. हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ते कितपत खरं आहे ते पुढे येईलच.

मुद्द्याचं आधी सांगते. यापुढे तुझे निरोप बाबांना आणि बाबांचे निरोप तुला सांगणं मी बंद केलं आहे. मी रुसलेली नाही, आजारी नाही आणि माझे कान कुणी भरलेले नाहीत. तुम्ही दोघं सख्खी बहीणभाऊ, दोघांची तोंडं शाबूत (बाबा तर कवळ्या बनवून इतरांचीही शाबूत करून देतात), दोघांकडे फोन. तरी माझ्या फ्रॉकच्या वयापासून आजपर्यंत ‘औषध वेळेवर घे म्हणावं’पासून ‘मला काही फरक पडत नाही म्हणावं’पर्यंत सगळं ओझं मी वाहिलं. आता बास.

हे कुठून सुरू झालं ते घरात प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो, म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. तू तेव्हा आमच्या वरच्याच मजल्यावर राहत होतीस. बाबांच्या कवळ्यांच्या खोलीला रंग द्यायला हवा, आत येताना गिऱ्हाईक घाबरतं, असं तू म्हणाली होतीस. त्यावर बाबा जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, ‘आधी स्वतःच्या नवऱ्याला कामाला लाव म्हणावं.’ मला घरात शिकवलेलंच असं होतं की ‘म्हणावं’ कानावर आलं की उठायचं आणि जाऊन सांगायचं. ‘जेवायला चला म्हणावं’, ‘टीव्ही बारीक करा म्हणावं’, सगळ्याला तोच नियम. मी हात धुतले, जिना चढले आणि सांगितलं. बाबांच्या आवाजात सांगितलं, कारण निरोप जसाच्या तसा पोचवायचा असतो. काका नोकरी सुटल्यामुळे घरीच होते, आणि माझ्या समोरच बसले होते. ‘म्हणावं’ दोन प्रकारचं असतं, एक पोचवायचं आणि एक नुसतं पुटपुटायचं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी आजही म्हणते, माझं चुकलं नाही. वाक्यात तसा काही फरक नव्हताच. तुम्ही घर बदललंत, तू आणि बाबा एकमेकांशी बोलेनासे झालात, आणि ज्या पोरीने निरोप पोचवून घोळ केला म्हणता, तिलाच कायमची निरोपाची नोकरी दिलीत. याला काय म्हणावं? (हा तिसरा प्रकार. प्रबंधात त्याला वेगळी तळटीप आहे.)

तर प्रबंध. आमच्या संवादशास्त्र विभागात घर, कचेरी, दवाखाना आणि माध्यमं असे चार कप्पे आहेत; विद्यार्थ्याने एक निवडायचा आणि गप्प बसायचं. मी चारही घेतले आणि विषय एकाच शब्दाचा ठेवला: ‘म्हणावं’. माझ्या मार्गदर्शक बाईंना आम्ही (त्यांच्या मागे) बाणबाई म्हणतो, कारण जगातलं कुठलंही बोलणं त्या फळ्यावर बाण काढून दाखवतात. इकडे बोलणारा, तिकडे ऐकणारा, मध्ये बाण. मी आपल्या घराची आकृती काढली तेव्हा मधोमध मी उभी आणि दोन्हीकडून बाण मलाच लागलेले. बाई म्हणाल्या, ‘अगं, हे संशोधन आहे की शिकार?’

मी मागे हटले नाही. एका कचेरीत जाऊन बसले. तिथे साहेबांचं टेबल आणि हिशेबनीस बाईंचं टेबल एकमेकांना चिकटलेली आहेत. साहेब दाराजवळच्या शिपायाला हाक मारतात, ‘बाईंना म्हणावं, फाईल द्या.’ शिपाई येतो, एका टेबलावरची फाईल उचलून दुसऱ्यावर ठेवतो आणि परत जातो. मी त्याला (रीतसर परवानगी घेऊन) विचारलं, तुम्हाला याचा कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, ‘ताई, ही दोघं बोलायला लागली तर मला कोण ठेवील?’ दवाखान्यात एक डॉक्टर समोरच्या आजोबांना सोडून त्यांच्या सुनेला सांगत होते, ‘त्यांना म्हणावं, मीठ कमी करा.’ आजोबांनीही सुनेकडे वळून सांगितलं, ‘डॉक्टरांना म्हणावं, मला ऐकू येतं.’ आणि रेडिओवर तर बायका निवेदिकेला फोन करून आपल्याच नवऱ्यांना निरोप देतात, आणि मागे ते नवरे घोरताना ऐकू येतात. (घोरणाऱ्याची परवानगी घेता येत नाही, म्हणून ती उदाहरणं मी गाळली. जीव तुटला, पण गाळली.)

गेल्या आठवड्यात हे सगळं समितीसमोर मांडायचं होतं. पडद्यावर मी आपल्या घराची आकृती लावली, बाणांसकट. समितीतले सगळ्यांत ज्येष्ठ सर डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे न बघता शेजारच्या बाणबाईंकडे वळले आणि म्हणाले, ‘तिला म्हणावं, हा काही संशोधनाचा विषय नव्हे.’

आत्या, मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते! इतकं शुद्ध उदाहरण मला वर्षभरात मिळालं नव्हतं. मी लगेच लिहून घेतलं आणि (शिस्त म्हणजे शिस्त) विचारलं, ‘सर, हे वाक्य प्रबंधात वापरायला तुमची संमती आहे का? नाव गुप्त राहील.’ बाणबाईंना एकदम खोकला आला आणि त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या. सरांनी संमती दिली नाही. (म्हणून ते प्रबंधात नाही. हे पत्र प्रबंध नाही.) घराचं प्रकरण काढून टाक, बाकीचं मान्य करतो, असं ते शेवटी म्हणाले. मी म्हटलं, नाही काढणार. ‘नाही’ हा शब्द मी मोठ्या माणसासमोर पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने म्हटला असेल. माझाच आवाज ऐकून मी दचकले. पण शब्द परत घेतला नाही. प्रकरण राहिलं आहे.

बाहेर बाणबाई भेटल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘प्रकरण चांगलंय. पण त्यात बाबा आहेत, आत्या आहे, निरोप आहेत. निरोप नेणारी मुलगी कुठाय? तिला काय वाटतं?’ मी म्हटलं, तिला काही वाटत नाही, ती फक्त सांगते. बाई म्हणाल्या, ‘हो ना. तेच तर.’

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी बाबांनी निरोप काढला. त्यांचा घसा गेले काही महिने बसलेला आहे. घशाच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, शिक्षक आहात का, गाता का? बाबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, ‘डॉक्टरांना म्हणावं, कवळ्या करतो.’ स्वरयंत्रावर छोटी गाठ आहे. घाबरण्यासारखं वाटत नाही, पण काढून तपासायची. येत्या सोमवारी ऑपरेशन. त्यानंतर पुष्कळ दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज पहिल्यासारखा होईल का, याला डॉक्टरांनी ‘बहुतेक’ असं उत्तर दिलं. त्या ‘बहुतेक’मुळे मला झोपताना काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

तर बाबा म्हणाले, ‘आत्याला म्हणावं...’ मी म्हटलं, बाबा, त्याच्या पुढचं मी ऐकणार नाही. ते आईकडे वळले, ‘हिला म्हणावं, बाप आहे मी.’ आई म्हणाली, ‘अहो, समोर बसलीय ती. आणि मला मध्ये घालू नका, मी या घरात आल्यापासून पुष्कळ म्हटलंय.’

‘मग स्वतः सांगा ना आत्याला,’ मी म्हटलं.

‘काय सांगू?’

‘जे मला सांगणार होतात ते.’

‘ते तुला सांगता येतं,’ बाबा म्हणाले. ‘तिला नाही सांगता येत.’

आणि खोलीत जाऊन त्यांनी घासायचं यंत्र चालू केलं. कुणाची तरी कवळी त्या दिवशी फारच गुळगुळीत झाली असणार.

मला वाईट वाटलं का? वाटलं. विरघळले का? नाही. तो निरोप मी आणला असता तर तूही मलाच उत्तर दिलं असतंस, मी ते नेलं असतं, आणि सोमवार येऊन गेला असता. तेव्हा तुला राग आला तरी चालेल, बाबांना आला तरी चालेल. फक्त तो राग एकमेकांपर्यंत पोचवायला माझ्याकडे देऊ नका.

काकांना नमस्कार. (हा निरोप नव्हे, शिष्टाचार आहे. तरी शंका असेल तर सांगू नकोस.)

तुझी भाची,
निरोपखात्यातून निवृत्त

ता. क. चौथ्या प्रकरणात तू ‘वरच्या मजल्यावरची नातेवाईक’ म्हणून येतेस. चालणार नसेल तर मला सरळ कळव, मी गाळीन. समितीसाठी नाही गाळलं, पण तुझ्यासाठी गाळीन.

ता. क. २. आमच्या नंबरावरून फोन आला आणि पलीकडून कुणीच काही बोललं नाही, तर ठेवून देऊ नकोस. बाबांना सुरुवात करायला वेळ लागतो. तुला जे ऐकवायचं असेल ते त्यांनाच ऐकव. मी तेव्हा गच्चीवर असेन, दार लावून.

ता. क. ३. पत्र सोमवारच्या आत तुला मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पाकीट चिकटवलेलं नाही आणि पोस्टात टाकायला बाबांकडेच देते आहे. (हो, मलाही कळतंय मी काय करते आहे ते. ज्या घरात शिकले त्या घरचीच ना मी!) बाबा, इथवर आलात ना? आत्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. पत्र नंतर टाकलंत तरी चालेल.